जेटीवरच्या पाणीपातळी ड्रायव्हरमध्ये वेळ कशाने मोजावा? जिफीज, केटाइम की थेट काउंटर?

मिऱ्या_किनारा

रत्नागिरीजवळच्या एका जेटीवर भरती-ओहोटीची पातळी मोजणारा सेन्सर बसवायचा आहे. वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक. ट्रिगर पिनवर 10 मायक्रोसेकंदांचा पल्स द्यायचा, मग इको पिन जितका वेळ वर राहते तितका वेळ आवाजाला पाण्यापर्यंत जाऊन परत यायला लागला. सर्वांत खालच्या ओहोटीला पाणी सेन्सरपासून साडेचार मीटरवर असेल. बोर्ड रास्पबेरी पाय 4, 64 बिट लिनक्स. पण सोलरवर चालवायचं असल्याने नंतर पहिल्या पिढीच्या पाय झिरोवर न्यायचा विचार आहे.

वेळ चार ठिकाणी लागतो: ट्रिगर पल्स, इकोची रुंदी, इको आलाच नाही तर टाइमआउट, आणि नोंदीवरचा तारीख-वेळेचा शिक्का. सध्या इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मध्येच दिलेली हाक) बंद करून इको पिन लूपमध्ये वाचतो. रुंदीला केटाइम_गेट() (नॅनोसेकंदांतला वेळ), टाइमआउटला जिफीज (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर टायमर टिकला एकने वाढवतो तो आकडा), शिक्क्याला केटाइम_गेट_रियल() (तारीख-वेळ). पाय 4 वर आकडे बरे येतात. कुठे स्वस्तातलं घड्याळ चालेल आणि कुठे महागडंच हवं?

टिकटिक

आधी घड्याळाची बारकाई मिलिमीटरमध्ये मांडा, अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. 30 अंशांला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 349 मीटर. जाऊन-येऊन अंतर म्हणून निम्मं करा: 1 मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे 0.17 मिमी. तुमचे साडेचार मीटर म्हणजे जवळपास 26 मिलिसेकंदांचा इको.

आता जिफीज. एचझेड, म्हणजे सेकंदाला किती टिक, 250 असेल तर एक जिफी 4 मिलिसेकंदांची, म्हणजे 70 सेंटिमीटर. एचझेड 100 ला पावणेदोन मीटर, 1000 ला साडेसतरा सेंटिमीटर. रत्नागिरीला उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं, म्हणजे रुंदीसाठी जिफीज बाद. तिथे तुम्ही केटाइम_गेट() घेतलंय ते बरोबर.

केटाइम_गेट() खाली प्रत्यक्ष हार्डवेअर काउंटर वाचतो. पाय 4 वर तो आर्मचा जेनेरिक टायमर, 54 मेगाहर्ट्झ, म्हणजे 18.5 नॅनोसेकंदांची एक पायरी. पाय 3 वर 19.2 मेगाहर्ट्झ, पायरी 52 नॅनोसेकंद. दोन्ही तुमच्या कामाला गरजेपेक्षा कितीतरी बारीक.

खर्चाची काळजी या ड्रायव्हरमध्ये करूच नका. एका मोजणीला दोन वाचनं, सेकंदाला दहा मोजण्या धरल्या तरी वीस. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये सेकंदाला लाखो पॅकेट असतात, तिथे प्रत्येक पॅकेटला काउंटर वाचायचा की नाही हा खरा प्रश्न असतो. म्हणून तर ट्रान्समिट अडकलंय का हे पाहणारा नेटवर्कचा वॉचडॉग शेवटच्या पॅकेटची वेळ जिफीजमध्येच ठेवतो. टाइमआउट पाच सेकंदांचा असेल तर चार मिलिसेकंद इकडे-तिकडे झाले, कोणाचं बिघडलं?

खारवट

रुंदीवर सगळे बोलतील, मला त्या लूपची धास्ती वाटते. मिऱ्या, तुमचा ड्रायव्हर पाय 4 वर चालतो तो निव्वळ तिथे चार कोअर आहेत म्हणून.

जिफीज वाढतो टायमर टिकच्या इंटरप्टमध्ये. तुम्ही एका कोअरवर इंटरप्ट बंद करून 'जिफीज अजून मुदतीच्या आत आहे का' असं विचारत बसता, तोवर दुसरा कोअर टिक घेऊन जिफीज पुढे ढकलतो, म्हणून सुटका होते. पाय झिरोला एकच कोअर. इंटरप्ट बंद, टिक बंद, जिफीज जागच्या जागी. सेन्सरची तार तुटली आणि इको आला नाही की मुदत कधीच संपत नाही. बोर्ड थिजतो. कर्नलचा संदेशही दिसत नाही, कारण तो छापायलाही कोणी मोकळं नाही. तेव्हा इंटरप्ट बंद असताना जिफीजवर टाइमआउट कधीच नको. केटाइम_गेट() हार्डवेअर काउंटर वाचतो, तो इंटरप्ट बंद असतानाही पुढे सरकतो.

पण मुळात 26 मिलिसेकंद इंटरप्ट बंद ठेवणं हेच चूक. तेवढ्या वेळात सीरियल पोर्टचा बफर भरून वाहतो. 1,15,200 बॉडला 26 मिलिसेकंदांत जवळजवळ 300 बाइट येतात, आणि साध्या यूआर्टचा (सीरियल पोर्टच्या चिपचा) फिफो, म्हणजे आतला बफर, असतो 16 बाइटचा. शेजारी जीपीएस किंवा मोडेम लावलात की त्याची वाक्यं अर्धवट यायला लागतील आणि दोष जीपीएसवर जाईल.

करायचं असं: इको पिनला चढत्या आणि उतरत्या, दोन्ही कडांचा इंटरप्ट. हँडलरमध्ये पहिली ओळ केटाइम_गेट(), बाकी सगळं नंतर. मग पिनची पातळी वाचा, वर असेल तर सुरुवात, खाली असेल तर शेवट, आणि कम्प्लीशनला (थांबलेल्या थ्रेडला 'झालं' असं कळवणाऱ्या सोयीला) हाक द्या. वाचणारा थ्रेड वेट_फॉर_कम्प्लीशन_टाइमआउट() मध्ये झोपून राहतो. तो टाइमआउट जिफीजमध्येच घेतो आणि इथे तेच योग्य, कारण इथे इंटरप्ट चालू आहेत आणि 50 ऐवजी 54 मिलिसेकंद लागले तरी चालतं. परतीची किंमत उलटी वाचू नका: 0 म्हणजे वेळ संपली, धन म्हणजे उरलेल्या जिफी.

बाणकोट_खाडी

चाक नव्याने बनवताय. कर्नलमध्ये आयआयओच्या (सेन्सरच्या ड्रायव्हरांचा विभाग) प्रॉक्सिमिटी फोल्डरमध्ये एसआरएफ04 नावाचा ड्रायव्हर आहे, तो नेमकं खारवट म्हणतात तेच करतो: दोन्ही कडांना केटाइम_गेट(), चढत्या कडेसाठी 20 मिलिसेकंदांची मुदत, उतरत्यासाठी 50. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाला काय कुठे जोडलंय ते सांगणारी फाइल) ट्रिगर आणि इकोचे जीपीआयओ, म्हणजे पिना, दिलेत की झालं. अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. इको 5 व्होल्टचा असेल तर 1 किलोओहम आणि 2 किलोओहमचा विभाजक घालायला विसरू नका, पायची पिन 3.3 व्होल्टची आहे.

दोन गोष्टी मात्र बघून घ्या. तो ड्रायव्हर आवाजाचा वेग 343.5 मीटर धरतो, 20 अंशांचा. कोकणात मे महिन्यात दुपारी जेटीवर 32 अंश सहज. वेग धरा 331.5 अधिक तापमानाच्या 0.6 पट, म्हणजे 350.7. साडेचार मीटरवर तब्बल 9 सेंटिमीटर अंतर कमी दिसतं, म्हणजे पाणी 9 सेंटिमीटर जास्त वर. नॅनोसेकंदांवर डोकं घासण्याआधी दहा रुपयांचा थर्मिस्टर लावा. कर्नलला हात लावायची गरज नाही, युजरस्पेसमध्ये आकड्याला तापमानाच्या गुणोत्तराने गुणलं की भागतं. दर अंशाला साडेचार मीटरवर पावणेआठ मिमी, हे लक्षात असू द्या. तापमान सेन्सरच्या डबीतलं नको, सावलीतल्या हवेचं हवं. उन्हात काळी डबी हवेपेक्षा कितीतरी तापते.

दुसरी गोष्ट: प्रतिध्वनी आलाच नाही तर या जातीचे बरेच मॉड्यूल इको पिन सुमारे 38 मिलिसेकंद वर ठेवून सोडतात. ड्रायव्हरची गाळणी आहे 40.4 मिलिसेकंदांवर, कारण ती 6.45 मीटर आणि उणे 20 अंशांच्या हिशेबाने बांधलीय. म्हणजे 38 वाला खोटा इको आत शिरतो आणि साडेसहा मीटर अंतर दाखवतो. तुमच्याकडे पाणी पाच मीटरपलीकडे जाणारच नाही, तेव्हा पाच मीटरवरचं सगळं सरळ फेका.

मालवणी_मसालो

ह्यां बरां झालां, कोणीतरी आकडे दिल्यान. माका एकच सांगा, नॅनोसेकंद मोजून लाटेचां काय करशात? लाट अर्धो मीटर वर-खाली नाचता.

बाणकोट_खाडी

@मालवणी_मसालो, त्यासाठी पाइप उभा करायचा, बुडाशी लहान भोक ठेवून. लाट बाहेर नाचते, आत पाणी शांत. वर मिनिटाला पंधरा-वीस मोजण्या घेऊन मधला आकडा घ्यायचा, सरासरी नको. एक खोटा इको सरासरी ओढून नेतो, मधल्याला हलवत नाही. दोन मोजण्यांमध्ये किमान 60 मिलिसेकंद सोडा, नाहीतर मागच्या पल्सचा घुमारा पुढच्यात मोजला जातो. या 60 ला एमस्लीप() पुरे. तो जिफीजवर चालतो, थोडा जास्त झोपतो, इथे जास्त झोपलेलं चांगलंच.

शून्यशोध

मी थोडा वेगळा सूर लावतो. केटाइम_गेट() तरी कशाला, सरळ सायकल काउंटर वाचावा, गेट_सायकल्स(). मधला सगळा डोलारा वाचतो.

टिकटिक

@शून्यशोध, नका. काही आर्किटेक्चरवर गेट_सायकल्स() चक्क 0 परत करतो. जिथे चालतो तिथे त्याची वारंवारता तुम्ही शोधायची, 32 बिटांत उलटला तर तुम्ही सांभाळायचं, दोन कोअरांत फरक असेल तोही तुमच्याच माथी. केटाइम_गेट() त्याच काउंटरवर एक गुणाकार, एक शिफ्ट आणि सीक्वेन्स लॉकची (वाचताना आकडा बदलला तर पुन्हा वाच) तपासणी करतो. त्यातून वाचणार ते काही नॅनोसेकंद.

एक्स86 वर (इंटेल-एएमडीचे पीसी) मात्र एक तपासणी जरूर करा: सिसफएसमधल्या क्लॉकसोर्स0 च्या फोल्डरमध्ये करंट_क्लॉकसोर्स वाचा. टीएससी (प्रोसेसरमधलाच काउंटर) असेल तर वाचन काही दशक नॅनोसेकंदांत होतं. पण घड्याळं तपासणाऱ्या वॉचडॉगला टीएससी संशयास्पद वाटला तर कर्नल 'मार्किंग क्लॉकसोर्स टीएससी अ‍ॅज अनस्टेबल' असं डीमेसेजमध्ये लिहून एचपीईटीवर किंवा एसीपीआय पीएम टायमरवर उतरतो. एचपीईटी चिपसेटमध्ये बसलेला, प्रत्येक वाचन प्रोसेसरबाहेरची फेरी, खर्च मायक्रोसेकंदाच्या घरात. पीएम टायमर 3.579545 मेगाहर्ट्झचा, आय/ओ पोर्टवरून वाचायचा, तोही तसाच महाग. ड्रायव्हरच्या कोडमध्ये काहीच बदललं नाही आणि पॅकेट दर अचानक पडला, तर आधी हे बघायचं.

जिथे टिकच्या बारकाईवर भागतं पण नॅनोसेकंदांचं एकक हवंय, तिथे केटाइम_गेट_कोअर्स(). शेवटच्या टिकला नोंदलेली वेळ मेमरीतून उचलतो, हार्डवेअरला हात लावत नाही. आणि एनएमआयमधून (रोखता न येणारा इंटरप्ट) वेळ हवा असेल तर केटाइम_गेट_मोनो_फास्ट_एनएस(), कारण टाइमकीपिंगचा अपडेट अर्धवट असताना एनएमआय आला तर साधा केटाइम_गेट() सीक्वेन्स लॉकवर गोल गोल फिरत राहील. तुम्हाला लागणार नाही, पण प्रोफायलर लिहिणारं कोणी वाचत असेल तर असू द्या.

विंडोजवाला

विंडोजच्या बाजूने भर घालतो, कारण कॉलेजात बऱ्याच जणांचे यूएसबी डेटा लॉगर विंडोजवर असतात. केक्वेरीइंटरप्टटाइम() एकदम स्वस्त, एकक 100 नॅनोसेकंद, पण आकडा हलतो टिकला. नेहमीची टिक 15.625 मिलिसेकंदांची. टिकटिक यांच्या हिशेबाने 2.7 मीटर, म्हणजे अख्खी भरती एका टिकमध्ये! एकक बारीक दिसलं म्हणून बारकाई आहे असं समजू नका, हा सापळा फार जणांना लागतो. बारीक वेळ हवा तर केक्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर() किंवा प्रिसाइज आवृत्ती, टाइमआउटला साधा. आणि केस्टॉलएक्झिक्यूशनप्रोसेसर() प्रोसेसर जाळत उभा राहतो, 50 मायक्रोसेकंदांच्या वर त्याला बोलावू नये.

सैतानी_त्रिशूळ

फ्रीबीएसडीत हाच निर्णय नावातच ठेवलाय. पुढे गेट असेल तर साठवलेला, स्वस्त, टिकपुरता अचूक: गेटएसबिनअपटाइम(). गेट नसेल तर हार्डवेअर वाचतो: एसबिनअपटाइम(). लिनक्समधून येणारे इथे उलटं समजतात, कारण तिकडे केटाइम_गेट() हाच महागडा. एसबीटाइम 64 बिटांचा, वरचे 32 सेकंद आणि खालचे 32 अपूर्णांक, म्हणून तुलना-वजाबाकीला भागाकार लागत नाही.

खारवट

भागाकाराचं बरं काढलंत. पाय झिरो 32 बिट आहे. तिथे केटाइमचा 64 बिट आकडा सरळ भागलात तर लिंकर 'एईएबीआय_यूएलडिवमॉड सापडत नाही' म्हणून थांबेल. पाय 4 वर बिल्ड झालेला कोड इकडे अडतो. डिव_यू64() वापरा. त्याहून बरं म्हणजे हँडलरमध्ये भागूच नका: दोन केटाइम जसेच्या तसे ठेवा, वजाबाकी-रूपांतर थ्रेडमध्ये करा. मुदत तपासायला मिलिसेकंद काढायची गरज नसते, केटाइम_बिफोर() नुसती तुलना करतो.

32 बिटांवर जिफीज उलटण्याचंही आलंच. एचझेड 250 ला साधारण 199 दिवसांनी, 1000 ला 49.7 दिवसांनी शून्यावर येतो. म्हणून 'जिफीज मुदतीपेक्षा मोठा' अशी थेट तुलना न करता टाइम_आफ्टर() मॅक्रो, तो चिन्हासकट वजाबाकी करतो. ही चूक वर्षानुवर्षं दडून राहू नये म्हणून कर्नल जिफीजची सुरुवात मुद्दाम उणे 300 सेकंदांवर करतो. बूट झाल्यावर पाच मिनिटांनी पहिली उलटी होते. ड्रायव्हर पाच मिनिटांनी बिघडत असेल तर हाच धागा धरा.

मिऱ्या_किनारा

एसआरएफ04 चा कोड वाचला, लूप काढून टाकतोय. दोन प्रश्न. एक, पिना कमी पडल्या तर इको पिन आय2सी एक्सपांडरवर (दोन तारांच्या बसवर जादा पिना देणारी चिप) नेली तर? दोन, रिअल टाइम कर्नल घातला तर कडांच्या वेळा आणखी नेमक्या होतील ना?

खारवट

एक्सपांडर नको. त्याचा इंटरप्ट आला की कोणती पिन हलली हे आय2सीवरून विचारावं लागतं. 100 किलोहर्ट्झला एक रजिस्टर वाचायचं म्हणजे चार बाइट, जवळजवळ 400 मायक्रोसेकंद. तुमचा हँडलर त्यानंतर, थ्रेडमध्ये चालतो. 400 मायक्रोसेकंद म्हणजे 7 सेंटिमीटर. दोन्ही कडांना सारखाच उशीर झाला तर वजाबाकीत तो कटतो, पण बसवर त्याच वेळी तापमान सेन्सर बोलत असेल तर एक कड थांबून राहते आणि आकडा उडतो. ट्रिगर हवं तर एक्सपांडरवर न्या, इको थेट प्रोसेसरच्या पिनवर.

रिअल टाइमच्या बाबतीत उत्तर उलटं आहे. प्रीएम्प्ट_आरटीमध्ये, जो 6.12 पासून मुख्य कर्नलमध्ये आहे, साधे इंटरप्ट हँडलर थ्रेडमध्ये ढकलले जातात. म्हणजे तुमची 'पहिली ओळ केटाइम_गेट()' हार्ड इंटरप्टमध्ये न राहता थ्रेडची पाळी आल्यावर चालते. शिक्का आणखी उशिरा आणि आणखी अनियमित बसतो. आयआरक्यूएफ_नो_थ्रेड झेंडा लावून हँडलर हार्ड इंटरप्टमध्येच ठेवता येतो, पण मग त्यात साधा स्पिनलॉक नको (आरटीवर तो झोपतो), कम्प्लीशनची हाक मात्र तिथून देता येते. शिक्का घ्या, हाक द्या, बाकीचं थ्रेडवर सोडा. या कामाला साधा कर्नल पुरतो. इंटरप्टला 50 मायक्रोसेकंद उशीर झाला आणि तो एकाच कडेला झाला, तरी 9 मिमी, आणि तो मधल्या आकड्यात गळून जातो.

बाणकोट_खाडी

राहिला नोंदीचा शिक्का, आणि माझ्या मते खरी गडबड तिथेच होणार आहे. पाय 4 आणि झिरोवर बॅटरीचं घड्याळ नाही. पावसात लाइट गेली, सोलरची बॅटरी उतरली, बोर्ड पुन्हा उठला की वेळ मागच्या बंदच्या आसपासची. नेटवर्क आलं की एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) ती धाडकन पुढे नेतो. केटाइम_गेट_रियल() ने शिक्के मारलेत तर नोंदीत काही तास हरवलेले किंवा दोनदा आलेले दिसतील. मोबाइल टॉवरही त्याच लाइटवर, म्हणजे एनटीपी यायला कधी अर्धा दिवसही लागतो.

ड्रायव्हरने केटाइम_गेट_बूटटाइम() द्यावा. केटाइम_गेट() सस्पेंडमध्ये थांबतो, बूटटाइम थांबत नाही, म्हणजे पुढे कधी सस्पेंड वापरलंत तरी अडचण नको. युजरस्पेसमध्ये प्रत्येक नोंदीसोबत बूट_आयडी ठेवा (प्रत्येक बूटला नवा मिळणारा क्रमांक, प्रॉकफएसमध्ये सिस, कर्नल, रँडम या वाटेवर मिळतो). एनटीपी जुळलं की एकदा बूटटाइम आणि खरी वेळ यांची जोडी नोंदवा. त्या बूटच्या मागच्या सगळ्या नोंदींना मग खरी वेळ लावता येते. नोंदी यूटीसीत ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांशी ताडताना साडेपाच तास मिळवा.

शक्य असेल तर डीएस3231 (बॅटरीवरचं घड्याळ) लावा. 0 ते 40 अंशांत 2 पीपीएम (दहा लाखांत 2 भाग) चूक, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. भरतीच्या वेळेला एवढी चूक नगण्य. खाऱ्या हवेत त्याच्या बॅटरीचा सॉकेट हिरवा पडतो, तेवढा लॅकरने झाका, पण संपर्काचे पत्रे सोडून.

शून्यशोध

एनटीपी हळूहळू ओढतो तेव्हा केटाइम_गेट() सुद्धा ओढला जातो ना? मग रुंदीला केटाइम_गेट_रॉ() का नको?

टिकटिक

प्रश्न रास्त आहे. ओढ जास्तीत जास्त 500 पीपीएम. 26 मिलिसेकंदांवर 13 मायक्रोसेकंद, म्हणजे 2 मिमी. रॉ घेतला तर ही ओढ जाते, पण क्रिस्टलची स्वतःची चूक राहते, काही दशक पीपीएम. खर्च दोघांचा सारखाच. इथे रॉ घ्या किंवा घेऊ नका, तापमानाच्या एका अंशापुढे दोन्ही किरकोळ. एवढंच, की दोन कडा दोन वेगवेगळ्या घड्याळांनी मोजू नका. एक कड रॉने आणि दुसरी साध्याने घेतलेली वजाबाकी अर्थहीन असते, आणि कंपायलर काही बोलत नाही, कारण दोन्हींचा प्रकार एकच, केटाइम_टी.

मिऱ्या_किनारा

ट्रिगरला यूडिले(10) तसाच ठेवू?

खारवट

ठेवा. 10 मायक्रोसेकंदांना झोपायला जाऊन उठण्याचा खर्चच जास्त. त्यावर, साधारण 20 मिलिसेकंदांपर्यंत, यूस्लीप_रेंज(), आणि पुढे एमस्लीप(). ठरवायचा कंटाळा असेल तर एफस्लीप() आपण होऊन निवडतो. सेन्सरला वीज दिल्यावर तो तयार व्हायची वाट बघायची असेल तर स्वतःचा लूप न लिहिता रीड_पोल_टाइमआउट(). हाताने लिहिलेल्या लूपमध्ये एक चूक हमखास असते: मुदत संपली का पाहिलं, संपली, चूक परत केली. पण मध्येच थ्रेड बाजूला काढला गेला होता आणि तेवढ्यात हार्डवेअर तयार होऊन बसलेलं होतं. तो मॅक्रो मुदत संपल्यावरही एकदा अट तपासून मगच हार मानतो.

आणि मॉड्यूल काढताना आधी इंटरप्ट मोकळा करा, मग वीज बंद करा. उलट केलंत तर वीज जाताना इको पिन खाली येते, तिची उतरती कड हँडलरला जागं करते, आणि मेमरीही आधीच मोकळी केली असेल तर तो तिथेच शिक्का मारतो.